गंधकाची कावड

साखरधंद्यात हयात घालविलेल्या माणसाला जावा हे बेट सर्वस्वी परके वाटत नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात आपल्या बाजारपेठांत जी पांढरी दाणेदार साखर विकली जाई, तिचा फार मोठा हिस्सा जावातून येत असे. 1932 साली संरक्षक जकातीचा कायदा झाला नसता, तर नगर-कोल्हापूरच्या माळांवर कारखान्यांची धुराडी इतक्या लवकर उभी राहिली असती की नाही याची मला शंकाच आहे. त्याच बेटाच्या पूर्व भागात, पासुरुआन येथील प्रयोगकेंद्रात, डच शास्त्रज्ञांनी निपजविलेला पी.ओ.जे. 2878 हा ऊस आपल्या को 419 चा एक जनक. आणि को 419 ने दख्खनच्या पाटाखालील शेतकऱ्याला काय मिळवून दिले हे आमच्या धंद्यातील जुन्या माणसांना वेगळे सांगावे लागत नाही. जकातीच्या जुन्या तक्त्यांत साखरेचा रंगसुद्धा ‘डच स्टँडर्ड’ या मापाने नोंदविलेला असे. सबब, निवृत्तीनंतर परदेशप्रवासाची गोष्ट निघाली तेव्हा मी बिनदिक्कत जावाचे नाव सुचविले. माझ्या पत्नीने शाळेत भूगोल शिकविताना ज्वालामुखीचा उभा छेद रंगीत खडूंनी फळ्यावर इतक्या वेळा काढला होता की, डोळे मिटूनही तिला तो काढता आला असता; परंतु मुख, नळी आणि लाव्हा यांपैकी कशाचेच प्रत्यक्ष दर्शन तिला घडले नव्हते. तिने माझ्या सूचनेला एकच अट जोडली : ज्वालामुखी चढायचा, आणि तो जिवंत असला पाहिजे.

दोघांचीही हौस एकाच ठिकाणी भागेल असे स्थळ शोधता शोधता आम्ही कावाह इजेनपाशी येऊन ठेपलो. जावाच्या पूर्व टोकाला, बान्युवांगी आणि बोंडोवोसो या जिल्ह्यांच्या हद्दीवर हा ज्वालामुखी आहे. त्याच्या मुखातून लाव्हा वाहताना दिसत नाही. 1817 साली त्याचा मोठा उद्रेक झाला तेव्हा विवरातील पाणी आणि चिखल यांचा लोंढा खाली उतरला होता. आज त्याच्या विवरात सुमारे किलोमीटरभर रुंदीचे आम्लाचे सरोवर आहे, सरोवराच्या काठी जळत्या वायूंचे झोत आहेत, आणि त्या झोतांतून निघणारे गंधक 1968 सालापासून माणसे फोडून, कावडीत भरून, खांद्यावरून वर आणीत आलेली आहेत. या शेवटच्या तपशिलाने माझे मन ओढून घेतले, कारण गंधकाशी माझा संबंध संसाराइतकाच जुना आहे.

आपल्याकडील बहुसंख्य कारखान्यांत उसाचा रस स्वच्छ करण्यासाठी जी पद्धती वापरतात, तिच्यात रसाला चुन्याचे दूध देतात आणि त्याच वेळी गंधक जाळून मिळविलेला वायू त्यात सोडतात. चुना व वायू यांच्या संयोगाने जो साका बनतो तो रसातील मळ आपल्याबरोबर खाली घेऊन बसतो. पुढे रस आटवून पाक झाला की त्याला पुन्हा एकदा हाच वायू देतात, आणि मग पॅनमध्ये जो दाणा बांधला जातो तो पांढरा दिसतो. एक टन उसाला ढोबळमानाने अर्धा किलो गंधक लागते. कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेकडून दर हंगामाला साखरेच्या नमुन्यांच्या मोहोरबंद बाटल्या येत, आणि आमच्या पोत्यातील साखर त्या बाटल्यांशेजारी धरून तिची प्रतवारी ठरे. माझी सारी नोकरी एका अर्थी त्या बाटलीच्या रंगाशी आपल्या साखरेचा रंग जुळविण्यात गेली. गंधक मात्र माझ्या लेखी भांडाराच्या खतावणीतील एक सदर होते. आपल्या देशात गंधकाची म्हणण्यासारखी खाण नाही; पूर्वी ते परदेशांतून जहाजाने येई, आणि पुढे तेलशुद्धीकरण कारखान्यांचे जोडउत्पादन म्हणून ते येथेच मिळू लागले. पोती उतरत, काट्यावर चढत, आवक लिहिली जाई, भट्टीला जितके खर्ची पडले तितके वजा होई. ते मूळचे जमिनीतून कसे निघत असेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, आणि कीर्द-खतावणीत तो पडण्याला जागाही नसते.

बालीच्या गिलिमानुक धक्क्यावरून बोटीत बसून सामुद्रधुनी ओलांडली की जावाचे केतापांग बंदर लागते. मधले अंतर इतके थोडे की अलीकडून पलीकडचे डोंगर दिसतात, तरी घड्याळ मात्र एक तास मागे सारावे लागते. बान्युवांगी गावात आम्ही दुपारी डॉक्टरांचा दाखला काढला. रक्तदाब, नाडी, श्वास यांची तपासणी करून, चढण्यास हरकत नाही असे त्या कागदावर लिहून मिळते आणि तो वर पहाऱ्यावर दाखवावा लागतो. माझ्या रक्तदाबाचा आकडा पाहून तरुण डॉक्टरीणबाईंनी भुवया किंचित उंचावल्या. त्या पुन्हा मोजणार तोच माझ्या पत्नीने त्यांना खुणेने सांगितले की, ह्यांना दाखल्यांची भीती वाटते, डोंगराची नव्हे. दुसऱ्या मोजणीत आकडा उतरला.

मध्यरात्रीनंतर जीप पालटुडिंगच्या नाक्यावर पोहोचली. पायी वाट तेथूनच सुरू होते. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही थंडी हाडात शिरत होती, चहाच्या टपऱ्यांतून लाकडांचा धूर येत होता, आणि निरनिराळ्या देशांचे तरुण प्रवासी कपाळाला दिवे बांधून उभे होते. आमचा वाटाड्या चाळिशीचा, बुटका, रुंद खांद्यांचा गृहस्थ होता. तो मला ‘पाक’ आणि हिला ‘इबू’ म्हणून संबोधी. त्यात आपल्याकडील काका-काकूंचा जिव्हाळा होता. त्याच्या मोडक्या इंग्रजीतून एवढे समजले की, त्याने स्वतः पुष्कळ वर्षे गंधक वाहिले आणि मग भाषा येऊ लागल्यावर माणसे नेण्याचा धंदा धरला.

वाट तीन किलोमीटरांची आहे. पहिला टप्पा माणसाला उगीचच आत्मविश्वास देतो, पुढचा तो काढून घेतो, आणि शेवटचा जवळजवळ सपाटीवरून जातो. दोन्ही बाजूंना सुरूची उंच झाडे होती, आणि वारा आला की त्यांच्यातून समुद्राचा आवाज येई. ही पुढे, मी मागे, अशी चाल आपोआप ठरली. हंगामात मी रात्रपाळीला असे आणि ही सकाळच्या शाळेला. मुलांच्या आजारपणाचे प्रसंग सोडले तर दोघांनी मिळून सबंध रात्र जागण्याचा योग आम्हांला संसारात क्वचितच आला होता. अंधारात तिच्या दिव्याचे वर्तुळ माझ्या पायापुढे हलत होते आणि ते थांबले की मी न विचारता थांबत होतो. दम लागला हे कबूल करण्याऐवजी आम्ही दोघेही आळीपाळीने तारे पाहण्याचे निमित्त करीत होतो.

वाटेवर रिकाम्या कावडी घेतलेले मजूर आमच्या बाजूने भराभर वर गेले. कावड हा शब्द मी उपमेने वापरीत नाही. लवचिक बांबू आणि त्याच्या दोन टोकांना दोन करंड्या, अशी शिखर शिंगणापूरच्या यात्रेकरूने ओळखावी अशी ती वस्तू असते. त्या मजुरांत सगळे पुरुष होते. आमच्या धंद्यातील मजूर मात्र जोडीने प्रवास करतात : बीडकडून मुकादमाची उचल घेऊन निघालेले नवराबायको कारखान्याच्या दप्तरी मिळून एक कोयता म्हणून लागतात, तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रककडे नेते, आणि सहा-सहा महिने पाचटाच्या खोपीत त्यांचा संसार चालतो. परदेशी पर्यटकांच्या त्या गर्दीत, पैसे मोजून चढण करीत असलेल्या आम्हां दोघांना एकदम त्यांची आठवण व्हावी, यात काही संगती होती असे नाही, पण ती आठवण मला झाली आणि तिलाही झाली, कारण एका थांब्यावर ती आपण होऊन म्हणाली, “अहो, आपल्याकडे ह्यांच्या बायका पण असत्या बरोबर.”

विवराच्या कडेला एक पाटी आहे. प्रवाशांनी खाली उतरू नये, धोका आहे, असा तिचा आशय. त्या पाटीजवळूनच खाली जाण्याची वाट फुटते, आणि समस्त प्रवासी तिला वळसा घालून त्या वाटेने उतरत होते. हुकूम आणि वहिवाट यांचा असा समेट मी आपल्या देशातही पुष्कळ पाहिला आहे. वाटाड्याने आम्हांला तोंडाला बांधावयाचे मुखवटे दिले, हिने शालीचा तुकडा पाण्यात भिजवून बरोबर घेतला, आणि आम्ही दगडांवर हात टेकीत उतरू लागलो. समोरून भरलेल्या कावडी वर येत होत्या. वाट अरुंद, भार ज्याच्या खांद्यावर त्याला जागा द्यावयाची, हा येथील अलिखित कायदा. आपण डोंगराला पाठ लावून उभे राहावे, बांबूची करकर जवळ येते, पिवळ्या दगडांच्या दोन करंड्या छातीपाशी झुलत जातात, आणि मग घामाचा व गंधकाचा मिश्र दर्प मागे राहतो.

खाली काळोखात निळ्या ज्वाला होत्या. जमिनीच्या भेगांतून सहाशे अंशांपर्यंत तापलेले गंधकयुक्त वायू बाहेर पडतात आणि हवा लागताच पेटतात. कधी कधी ज्वाला पाच-पाच मीटर उंच जातात, आणि जे थोडे गंधक वायूतून द्रवरूप होऊन उतारावर येते तेही जळत वाहते, म्हणून पाहणाऱ्याला निळा लाव्हा पाहिल्याचा भास होतो. दिवसा यातले काही दिसत नाही. प्रवासी मंडळी स्तिमित झाली होती. मी झालो नाही, असे म्हटले तर ती फुशारकी ठरेल, पण माझे आश्चर्य निराळ्या जातीचे होते. गंधक निळ्या ज्योतीने जळते हे मी भट्टीच्या झरोक्यातून आयुष्यभर पाहत आलो होतो. येथे भट्टीचे कवच काढून टाकलेले होते, इतकेच.

माझे डोळे खिळले ते नळांवर. वायूंच्या मुखांवर मजुरांनी नळ बसविलेले आहेत. तापलेला वायू त्यांतून उतरतो, वाटेत निवतो, आणि नळाच्या तोंडातून तांबडेलाल द्रव गंधक ठिबकत खाली येते. थंड होताना ते नारिंगी होते, मग पिवळे, आणि घट्ट झाले की पहारीने फोडावयाचे. आमच्या भट्टीत उष्णता मर्यादेबाहेर गेली की न जळलेल्या गंधकाची वाफ होई, ती पुढच्या गार नळ्यांत जाऊन बसे, नळ्या तुंबत, वायूचा दाब पडे, रसाचा पीएच बिघडे, आणि रात्री अडीच वाजता कोणीतरी माझ्या दाराची कडी वाजवी. जो बिघाड टाळण्यासाठी मला पगार मिळत असे, तोच बिघाड येथे मुद्दाम घडवून आणलेला होता आणि त्याचेच पीक काढले जात होते. मी हे हिला समजावून सांगू लागलो. ती ऐकत होती, पण तिची दृष्टी एका मजुराच्या हातांकडे होती. तो करंडीत ढेपा रचत होता : मोठ्या ढेपा खाली, आणि वर एक चपटी, उभी, झोक सांभाळण्यासाठी. रचून झाल्यावर त्याने बांबूखाली खांदा घालून वजन अजमावले, एका करंडीतला मूठभर चुरा दुसरीत टाकला, आणि मगच तो उठला.

त्याने जाता जाता हिला हसून खूण केली, उचलून पाहा. हिने बांबूला दोन्ही हात घातले. बांबू वाकला, करंड्या जागच्या हलल्या नाहीत. वाटाड्या म्हणाला, ऐंशी किलो. पट्टीचा गडी नव्वदही नेतो. दिवसाला दोन खेपा. मग हे जाते कुठे, असे मी विचारले. रबराला, आणखी कशाकशाला, आणि साखर पांढरी करायला, असे तो म्हणाला.

“म्हणजे तुमचंच की हो,” ही म्हणाली.

माझे नव्हते, हे मी तिला तत्काळ सांगितले. आमच्याकडे आलेल्या पोत्यांवर इजेनचे नाव कधीही नव्हते आणि येथला माल इकडेच खपतो. तथापि आकड्यांची सवय माणसाला सोडीत नाही. अडीच हजार टन रोजचे गाळप, त्याला साडेबाराशे किलो गंधक, ऐंशीने भागा : सोळा खेपा. आठ माणसांनी दिवसभर वर-खाली करावे तेव्हा आमच्या कारखान्याचा एक दिवस पांढरा व्हावा. खतावणीत त्या दिवसाचा खर्च एका ओळीत मावत असे. ही ओळ मी स्वतः तपासून सही करीत असे, आणि तीत काही गैर होते असे मला आजही वाटत नाही; परंतु त्या ओळीला इतकी चढण असू शकते, हे तेथे उभे राहिल्यावाचून मला उमगले नसते.

इतक्यात वारा फिरला. पांढरा लोट सरोवरावरून उलटून आमच्यावर आला, आणि क्षणभरात हिचा दिवा मला दिसेनासा झाला. या वायूची मला ओळख होती; तो हवेच्या दुपटीहून जड असतो, म्हणून खोलगटात थांबू नये, आणि पाण्यात चटकन विरतो, म्हणून ओल्या फडक्याने तोंड झाकावे. मी हात पुढे केला तो हिच्या कोपराला लागला. दोघे एका मोठ्या खडकाच्या उंच अंगाला सरकून उकिडवे बसलो. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि घशात सुया टोचत होत्या. आमच्यापासून चार हातांवर मजूर दातांत फडक्याचे टोक धरून पहार चालवीतच होते. या वाफांनी त्यांचे दात झिजतात, छातीचे विकार जडतात, हे मी वाचले होते. लोट ओसरला तेव्हा हिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले आणि मग आपल्या बोटाकडे. तिची चांदीची अंगठी काळी ठिक्कर पडली होती. मंगळसूत्राचे सोने जसेच्या तसे. “रांगोळीने घासली की निघेल,” ती म्हणाली. रासायनिक दृष्ट्या विधान बरोबर होते.

उजाडताना सरोवर दिसू लागले, हिरवट निळे, दुधट, आणि देखणे. त्याच्या पाण्याचा पीएच अर्ध्याच्याही खाली भरतो. आमच्या पाकाला वायू देऊन आम्ही त्याला पाचाच्या आसपास आणीत असू आणि त्यापेक्षा खाली गेला तर साखर मोडेल या धास्तीने रात्र रात्र कागद बुडवून पाहत असू. हे पाणी त्या पाकाच्या तीस हजार पटींनी आम्ल. विवराच्या भिंती राखी-पांढऱ्या, कुठेही गवताची काडी नाही, आणि दूर पश्चिमेला राउंग या दुसऱ्या ज्वालामुखीचे शिखर. हिने वही काढून छेद काढावयास घेतला आणि मध्येच थांबून म्हणाली की, इतकी वर्षे नळी सरळ काढली, प्रत्यक्षात ती कुठे आहे ते समजतच नाही.

परतीच्या वाटेवर पोंडोक बुंदर नावाची डच आमदानीतील एक गोल इमारत लागते. तेथे कावडींचे वजन होते. काटा, काट्याजवळ वही घेऊन बसलेला इसम, त्याने फाडून दिलेली चिठ्ठी, आणि ती चिठ्ठी घडी करून टोपीत ठेवणारा मजूर, हे दृश्य मला इतके ओळखीचे होते की, मी नकळत आकडा वाचावयास पुढे वाकलो. आमच्याकडे ऊस घातलेला शेतकरी असाच काट्याकडे टक लावून पाहतो, आणि तोडणीवाला त्याहून अधिक. त्या दिवसांत किलोमागे साडेबाराशे रुपिया असा दर होता. म्हणजे ऐंशी किलोंच्या खेपेला एक लाख, आपल्या हिशेबाने पाच-सहाशे रुपये. मजूर वजनाबद्दल काही बोलला नाही. चिठ्ठीवरचा आकडा त्याने दोनदा वाचला मात्र.

प्रवासी या माणसांची छायाचित्रे घेतात आणि नोटा देतात. काही जण डोळे पुसतात. मला ते रुचले नाही, पण न रुचण्याचा अधिकार मला कितपत होता हेही मी ठरवू शकलो नाही. गंधकाची छोटी कासवे ओतून ती विकणारा एक जण मला त्या सर्वांत अधिक व्यवहारी वाटला. मूठभर मालाला त्याला जे मिळते, ते करंडीतल्या त्याच मालाला कधी मिळणार नाही.

उतारावर हिच्या गुडघ्यांनी कैफियत मांडली. वाटेवर दोन चाकांच्या हातगाड्या असतात; मजुरांनी त्या गंधक उतरविण्यासाठी आणल्या आणि आता थकलेल्या प्रवाशांनाही त्यांत बसवून नेतात. दोन लाखांपासून बोलणी निघाली, हिने मंडईतल्या सरावाने बोटांवर घासाघीस करून दीड लाखावर तोड काढली, आणि गादीवर बसल्याबरोबर भागाकार केला. साठ किलो वजनाला दीड लाख, म्हणजे किलोला अडीच हजार. “अहो, गंधकाच्या दुप्पट भाव आला मला,” ती मागे वळून ओरडली. गाडीवानाला वाटाड्याने ते भाषांतर करून सांगितले तेव्हा तो ब्रेक धरून खदखदा हसला. मग त्याने सांगितले की, तो आता विवरात उतरत नाही. माणसे मिळाली तर दिवसाला दोन फेऱ्या होतात, वजन कोणी करीत नाही आणि पैसे जागच्या जागी हातात पडतात. पावसाळ्यात मात्र प्रवासी येत नाहीत. तेव्हा कावड पुन्हा काढावी लागते.